जमिनीची मोजणी : सौद्याआधीचे पहिले पाऊल

व्यापारी घराण्यांत मोजल्याशिवाय वस्तू घेण्याची किंवा देण्याची रीत नाही. आडतीवर आलेले पोते काट्यावर चढल्यावाचून वहीत नोंदले जात नाही. सराफाच्या पेढीवर सोने दोनदा तोलले जाते. रोजमेळात एका रुपयाची तफावत आली तरी ती सापडेपर्यंत कोणी वही मिटत नाही. मात्र हीच मंडळी जमीन घेताना बांधावर उभी राहतात, विकणाऱ्याने बोट दाखवलेल्या चार खुणा पाहतात, सातबाऱ्यावरील आकडा वाचतात आणि इसाराची रक्कम देऊन मोकळी होतात. शेराच्या हिशेबात चूक होऊ न देणारा माणूस आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी न मोजता करतो, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

आज आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांजवळ काही ना काही जमीन आहे. कोणाचे गोदाम, कोणाची गावाकडची वडिलार्जित शेती, कोणी शहरालगत घेतलेला भूखंड, तर कोणाची भावाभावांत सामाईक असलेली पेठेतील जागा. त्यामुळे मोजणी कोणाकडून करून घ्यावी, केव्हा करावी आणि तिच्या नकाशातून काय वाचावे, याची माहिती प्रत्येक कर्त्या स्त्री-पुरुषाला असणे अगत्याचे आहे. या वेळच्या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील पद्धतीचा विचार करू.

उतारा म्हणजे जमीन नव्हे

सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून झालेला उतारा आहे. पहिल्या भागात जमीन कोणाच्या नावावर आहे, तिचे क्षेत्र किती, पोटखराबा किती, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, हे लिहिलेले असते. दुसऱ्या भागात पिकांची नोंद असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु या उताऱ्यात जमिनीचा आकार नसतो. ती चौकोनी आहे की निमुळती, रस्त्याकडील तोंड ४० फूट आहे की १४० फूट, शेजाऱ्याचा बांध किती आत आला आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सातबारा देत नाही. शहरात मिळकत पत्रिकेबाबतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल.

म्हणून प्रत्येक जमिनीची तीन रूपे असतात, असे समजावे. पहिले उताऱ्यावरील क्षेत्र, दुसरे भूमि अभिलेख कार्यालयातील मूळ नकाशावरील हद्द आणि तिसरे प्रत्यक्ष वहिवाट. तिन्ही जुळत असतील तर व्यवहार निर्वेध होतो. जुळत नसतील तर नेमका फरक कोठे आहे, हे केवळ मोजणीनेच कळते.

फरक पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. दर पावसाळ्यात थोडा थोडा बांध कोरला जातो. ओढा आपले पात्र बदलतो. रस्तारुंदीसाठी जमीन संपादित होते, पण कमी-जास्त पत्रक तयार होऊन उताऱ्यातील क्षेत्र घटवले जात नाही. विकणारा मात्र जुन्याच क्षेत्राचे पैसे मागतो. जेथे १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना लागू झाली, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. त्या वेळी झालेल्या चुका कित्येक गावांत आजही निस्तरल्या जात आहेत.

गुंठा, आर आणि बोलण्यातला एकर

मापांचा घोळ हा न मोजलेल्या सौद्यातील पहिला खड्डा होय. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. आर आणि गुंठा इतके जवळ आहेत की बोलताना दोन्ही एकच मानले जातात, आणि उताऱ्यावर ४० आर असले की दलाल ‘एक एकर’ म्हणून सांगतो.

आता हिशेब करून पाहू. ४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर, सुमारे ४३,०५६ चौरस फूट. एकराहून हे क्षेत्र सुमारे ५०४ चौरस फुटांनी कमी आहे. माळरानावर हा फरक कोणी मनावर घेणार नाही. पण शहरालगत चौरस फुटाला २,००० रुपये भाव असेल तर केवळ एका शब्दाच्या ढिलाईने दहा लाख रुपयांहून अधिक रक्कम न मिळालेल्या जमिनीसाठी दिली जाते. हद्दीचेही तसेच. २०० फूट लांबीची एक बाजू दीड फुटाने आत सरकली तर ३०० चौरस फूट गेले. त्याच भावाने सहा लाख रुपये. दीड फूट हे अंतर डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते.

मोजमापात ढोबळ आणि सूक्ष्म असा भेद करण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील क्षेत्रगणिताच्या प्रकरणात त्यांनी क्षेत्रफळ काढण्याच्या व्यावहारिक आणि सूक्ष्म अशा दोन रीती वेगळ्या सांगितल्या आहेत. रोजच्या अंदाजाला पहिली रीत पुरते. पण जेथे मोल ठरवायचे आणि हक्क ठरवायचा, तेथे दुसरी हवी. अकराशे वर्षांनंतरही जमिनीच्या व्यवहाराला हाच नियम लागू आहे.

मूळ नकाशा कसा तयार झाला

ज्या अभिलेखाच्या आधारे आज हद्द ठरते तो कसा तयार झाला, हे थोडे जाणून घेतले पाहिजे. शिवकाळात जमीन काठीने मोजली जात असे. बिघा आणि चावर ही त्या वेळची मापे. इंग्रजी अमलात प्रिंगल यांनी केलेली पहिली पाहणी फसली. पुढे १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या भूमापनाची पद्धत स्थिर झाली. ३३ फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे, हे या मोजणीचे माप. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, हे त्यावरून सहज ध्यानात येईल. प्रत्येक सर्व्हे नंबराची मापे ज्या कागदावर टिपली गेली, त्याला टिपण म्हणतात. पुढे हिस्से पडले तेव्हा त्यांची फाळणी झाली.

या माहितीचा व्यवहारात उपयोग असा की, साखळीचा एक आणा म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. ज्या अभिलेखाचे मूळ माप असे आहे, त्याच्या आधाराने शेतजमिनीत चार इंचांसाठी भांडणे म्हणजे काट्याच्या क्षमतेपलीकडचे वजन मागणे होय. आजची यंत्रे सेंटीमीटरपर्यंत अचूक असतात. पण यंत्र कितीही अचूक असले तरी जुळवायचे आहे ते जुन्या टिपणाशीच. म्हणून वाद फुटांचा असेल तर अवश्य मोजणी मागावी. इंचांचा असेल तर शेजाऱ्याशी बोलावे.

सरकारी मोजणी की खाजगी सर्व्हेअर?

हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर असे की, दोहोंचे काम वेगळे आहे आणि पुष्कळदा दोघांचीही गरज पडते.

कायदेशीर हद्द ठरवून देण्याचे काम भूमि अभिलेख विभागाचे. पुण्यातील जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमि अभिलेख हे त्याचे प्रमुख. जिल्ह्यात अधीक्षक आणि तालुक्यात उपअधीक्षक असतात. शहरात नगर भूमापन अधिकारी असतो. प्रत्यक्ष जागेवर येतो तो भूकरमापक. मूळ टिपण, फाळणी, गटाचा नकाशा हे अभिलेख या कार्यालयाच्या ताब्यात असल्याने त्याच्या नकाशाला महसूल कार्यालयात आणि न्यायालयात जे वजन असते, ते खाजगी नकाशाला नसते.

खाजगी सर्व्हेअरचा उपयोग निराळ्या ठिकाणी होतो. सौदा करावा की नाही हे ठरवण्यापूर्वी जागेवर साधारण क्षेत्र किती भरते, हे तो दोन-चार दिवसांत सांगू शकतो. जमिनीचा चढउतार, झाडे, विहीर, विजेचे खांब, जुनी बांधकामे यांचा तपशीलवार नकाशा त्याच्याकडून मिळतो. वास्तुविशारदाला आराखड्यासाठी आणि गोदामाचा पाया आखण्यासाठी हाच नकाशा लागतो. मात्र त्याने दाखवलेली हद्द शेजाऱ्यावर बंधनकारक नसते. तिच्या आधारावर कुंपण घालणे धोक्याचे आहे.

खाजगी सर्व्हेअर नेमताना पुढील गोष्टी विचाराव्यात. त्याचे शिक्षण काय, त्याने याच तालुक्यात काम केले आहे काय, टोटल स्टेशन किंवा उपग्रहाधारित रोव्हर ही यंत्रे त्याची स्वतःची आहेत की भाड्याची, आणि भूमि अभिलेख कार्यालयातील अभिलेखांच्या नकला वाचून त्या जागेवर बसवण्याचा त्याला सराव आहे काय. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वहिवाट मोजून देणारे अनेक मिळतात. टिपण वाचता येणारे थोडे. कामाचे स्वरूप, मोबदला, मुदत आणि कोणत्या स्वरूपात नकाशा मिळणार, हे आधी लेखी ठरवावे. नकाशाच्या कागदी प्रतीवर त्याची सही व तारीख घ्यावी आणि संगणकीय प्रतही मागून ठेवावी. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला सर्व्हेअर टाळून स्वतः शोधलेला माणूस नेमावा. त्याचे पैसे आपण दिले म्हणजे तो आपल्याला उत्तरदायी राहतो.

सीमाभागातील वाचकांसाठी एक सूचना. कर्नाटकात पद्धत थोडी वेगळी आहे. तेथे शासनाने परवाना दिलेले भूमापक आहेत आणि सर्व्हे नंबराचा काही भाग विकायचा असल्यास ‘११ई’ नकाशा आधी तयार व्हावा लागतो. बेळगाव किंवा निपाणीकडे जमीन घेणाऱ्याने महाराष्ट्रातील अनुभवावर विसंबून राहू नये.

कोणती मोजणी मागावी?

सरकारी मोजणीचे प्रकार आहेत आणि चुकीचा प्रकार मागितला तर वेळ व शुल्क दोन्ही वाया जातात. आपल्या जमिनीच्या सीमा कोठे आहेत एवढेच पाहायचे असेल तर ‘हद्द कायम’ मोजणी. भावाभावांत किंवा सहधारकांत हिस्से पाडायचे असतील तर ‘पोटहिस्सा’ मोजणी. तिला सर्व सहधारकांची संमती लागते. जमीन अकृषिक करायची असेल तर ‘बिनशेती’ मोजणी. याखेरीज न्यायालयाच्या हुकमाने होणारी वाटप मोजणी आणि संपादनासाठी होणारी मोजणी, हे प्रकार आहेत. शुल्क हे क्षेत्र, प्रकार आणि काम किती निकडीचे आहे यावर ठरते.

अर्ज ई-मोजणी प्रणालीवर करता येतो. अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, हद्दीची कच्ची आकृती आणि लगतच्या सर्व धारकांची नावे व पत्ते द्यावे लागतात. ही शेवटची बाब लोक हयगयीने भरतात. शेजारच्या गटाचा मूळ मालक वारला असेल आणि वारसांची नावे लागली असतील, तर नोटीस वारसांना जायला हवी. नोटीस योग्य व्यक्तीला मिळाली नाही, एवढ्या एका कारणाने पुढे मोजणीवरच आक्षेप येतो. म्हणून अर्जापूर्वी लगतच्या गटांचेही उतारे काढून नावे ताडून पाहावीत.

हंगामाचाही विचार करावा. ऊस उभा असताना शेताच्या आरपार नजर जात नाही आणि यंत्र लावता येत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात पाऊल घालता येत नाही. पीक निघाल्यानंतरचा काळ मोजणीस सोयीचा. पण त्याच वेळी सर्वांचे अर्ज येतात. तेव्हा अर्ज बराच आधी करावा.

मोजणीच्या दिवशी

त्या दिवशी घरातील जबाबदार माणसाने स्वतः हजर राहावे. मुनीमजींना पाठवून भागत नाही. बांधावरील झुडपे आधी साफ करून ठेवावीत. जुन्या हद्दीच्या खुणा, म्हणजे दगड, बुरूज, सरबांध, जेथे शिल्लक असतील तेथे त्या भूकरमापकास दाखवाव्यात. गावातील वयस्क आणि निःपक्ष असे दोघे-तिघे बोलवावेत. खुणा रोवण्यासाठी दगड किंवा सिमेंटचे खांब आणि मजूर तयार ठेवावेत, कारण दाखवलेल्या जागी त्याच दिवशी पक्की खूण केली नाही तर चार दिवसांत चुन्याची रेघ पुसली जाते आणि सारे श्रम व्यर्थ जातात. खुणांची छायाचित्रे घ्यावीत. कायम झालेल्या हद्दीच्या खुणांचे जतन करण्याची जबाबदारी कायद्याने धारकावर आहे आणि त्या मोडणारा दंडास पात्र ठरतो.

शेजाऱ्याशी वागण्याची रीत येथे फार महत्त्वाची आहे. नोटीस कार्यालयाकडून जाईलच. पण तिच्या आधी आपण स्वतः जाऊन सांगावे की, ‘आम्ही मोजणी मागवली आहे, आपणही या, काही चुकत असेल तर दोघांसमोर कळेल.’ अचानक सरकारी नोटीस हाती पडली की भला माणूसही बिथरतो. मोजणीचा हेतू शेजाऱ्याची जमीन घेणे हा नसून दोघांची निश्चित करणे हा आहे, हे त्याला आपल्या तोंडून कळले पाहिजे. आणि मोजणीत आपलाच बांध शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेला निघाला, तर तोही तितक्याच सरळपणे मागे घ्यायला हवा. जो आपल्या बाजूचा निकाल स्वीकारतो आणि विरुद्ध निकालास चूक म्हणतो, त्याच्यासाठी कोणतीही मोजणी उपयोगाची नाही.

‘क’ प्रत वाचताना

मोजणीनंतर अर्जदारास नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती कपाटात ठेवण्यापूर्वी नीट वाचावी. त्यात अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. दोन्ही रेषा एकमेकींवर असतील तर उत्तम. त्यांच्यात अंतर असेल तर तेथे अतिक्रमण आहे. ते कोणाचे आणि किती, हे समजून घ्यावे. प्रत्येक बाजूची लांबी, रस्त्याची जागा, विहीर, बांधकाम आणि उत्तर दिशा पाहावी. जमिनीत जाण्याचा रस्ता नकाशावर आहे काय, की तो केवळ शेजाऱ्याच्या सौजन्याने वापरला जातो, हेही तपासावे. नकाशावर रस्ता नसेल तर कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. पण खरेदीनंतर तो मागत बसण्यापेक्षा खरेदीपूर्वी ते ठाऊक असणे बरे.

मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. तीही मान्य नसल्यास त्याच्याही वर तरतूद आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. मोजणी कार्यालय हद्द दाखवून देते. अतिक्रमण काढून देत नाही. समोरचा स्वखुशीने मागे हटला नाही तर सहसा दिवाणी न्यायालयात जावे लागते. नकाशा हाती आला म्हणून माणसे घेऊन जाऊन कुंपण उखडणे हा गुन्हा ठरू शकतो.

दुसऱ्या बाजूने, नकाशा हाती येऊनही स्वस्थ बसणे तितकेच घातक. खाजगी जमिनीवर कोणी उघडपणे, मालक म्हणून आणि खऱ्या मालकाच्या हक्काविरुद्ध सलग १२ वर्षे कब्जा ठेवला, तर मुदतीच्या कायद्याने खऱ्या मालकाचा ताबा मागण्याचा हक्क संपुष्टात येऊ शकतो. गावाकडची जमीन कुळाच्या किंवा शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून शहरात व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खरेदीच्या कागदात काय असावे?

सौदा ठरवताना साठेखतात असे कलम घालावे की, किंमत प्रत्यक्ष मोजणीत भरणाऱ्या क्षेत्रावर दर चौरस मीटरप्रमाणे काढली जाईल आणि मोजणी होईपर्यंत इसाराखेरीज रक्कम दिली जाणार नाही. मोजणीचा अर्ज सध्याच्या मालकालाच करावा लागतो, म्हणून त्याची जबाबदारी व खर्च कोणाचा हेही लिहावे. विकणारा मोजणीस टाळाटाळ करू लागला, तर ती टाळाटाळ हेच उत्तर समजावे.

खरेदीखतात केवळ क्षेत्र लिहून थांबू नये. चतुःसीमा मोजणी नकाशावरून लिहावी आणि नकाशा खताला जोडावा. क्षेत्राचा आकडा आणि चतुःसीमा यांत विसंगती आली, तर न्यायालये सर्वसाधारणपणे चतुःसीमेला अधिक महत्त्व देतात. तरीही ‘पूर्वेस अमुक यांची जमीन’ एवढे जुन्या खतावरून उतरवून काढण्याची लेखनिकांची सवय असते; ते अमुक कधीच वारलेले असतात आणि त्यांची जमीन तिसऱ्याने घेतलेली असते. म्हणून व्यक्तीच्या नावाबरोबर गट नंबर किंवा नगर भूमापन क्रमांकही लिहवून घ्यावा.

भावाभावांचे वाटप

सर्वांत अधिक काळजी घेण्याचा प्रसंग हा. समजा, दोन भावांची मोंढ्याजवळ वडिलार्जित जागा आहे. वडिलांनी हयातीत काठीने रेघ ओढून सांगितले, ‘रस्त्याकडचे थोरल्याचे, मागचे धाकट्याचे, मागच्याला दोन हात जास्त.’ दोघांनी मान हलवली आणि तीस वर्षे एकमेकांवर विश्वास ठेवून व्यापार केला. ना मोजणी, ना नकाशा, ना नोंद. दोघे हयात असेपर्यंत ती रेघ दोघांना दिसत होती. पुढच्या पिढीला ती दिसत नाही. थोरल्याचा मुलगा गोदाम वाढवतो, धाकट्याचा मुलगा म्हणतो की भिंत आमच्या दोन हातांत आली. दोघेही आपापल्या वडिलांचे शब्द प्रामाणिकपणे सांगत असतात. तरीही प्रकरण न्यायालयात जाते, आणि एकमेकांच्या घरच्या लग्नपत्रिका टपालाने जाऊ लागतात.

या कलहात लबाड कोणीच नाही. उणीव आहे ती एका नकाशाची. म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, वाटणीचा विचार मनात असेल तर तो आपण हयात असताना मोजून कागदावर आणावा. पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी, तिच्या नकाशासह वाटपपत्र नोंदवावे आणि प्रत्येकाचा स्वतंत्र उतारा करून घ्यावा. शेतजमिनीच्या वाटपासाठी कलम ८५ खाली महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हिस्से किती लहान पडतात तेही तपासावे, कारण तुकडेबंदीचा कायदा ठरावीक क्षेत्राखालील तुकडा पाडू देत नाही. जाण्यायेण्याचा रस्ता, विहिरीचे पाणी, विजेची जोडणी यांचा उल्लेख नकाशात व वाटपपत्रात दोन्हीकडे हवा.

येथे घरातील मुलींचा विसर पडू नये. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने सामाईक मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. बहिणींची नावे उताऱ्यावर असोत वा नसोत, त्यांना न सांगता केलेली मोजणी व वाटप पुढे टिकत नाही. बहीण आपला हिस्सा घेईल किंवा सोडेल, तो तिचा निर्णय. परंतु नकाशा तिच्यासमोर पसरून, तिच्या वाट्याला काय येते ते दाखवून मगच तिला विचारावे. न मोजलेल्या वस्तूवरील हक्क सोडायला सांगणे व्यापाराच्या नीतीत बसत नाही, मग ते नात्याच्या नीतीत कसे बसेल?

संस्थेच्या जमिनी

आपल्यापैकी अनेक जण मंदिर, धर्मशाळा, पाठशाळा किंवा पांजरपोळ यांचे विश्वस्त आहेत. दानात मिळालेल्या जमिनींची मोजणी बहुधा कधीच झालेली नसते. दान देणारा व घेणारा दोघेही आदराने बोलतात. ‘मोजून द्या’ म्हणायचा संकोच वाटतो. मात्र कोणाचेच घर नसलेल्या जमिनीवर अतिक्रमण सर्वांत लवकर होते. दरवर्षीच्या हिशेबाबरोबर जमिनींच्या हद्दीही एकदा पाहून याव्यात, न्यासाच्या नोंदणी उताऱ्यातील क्षेत्र आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र ताडून पाहावे आणि हद्द कायम मोजणी करून कुंपण घालावे. अशी जमीन विकायची झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या अर्जासोबतही खरे क्षेत्र दाखवता आले पाहिजे.

गावठाणातील घरांबाबत एक शब्द. तेथील जागांना पूर्वी पुष्कळदा नकाशाच नसे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या मूळ गावी जुना वाडा असेल तर ही मोजणी झाली काय आणि पत्रिकेवर कोणाची नावे लागली, याची चौकशी करावी. बंद वाड्याच्या दारावर लावलेली नोटीस मुंबई-पुण्यात बसून दिसत नाही.

येत्या सुटीत गावी जाल तेव्हा एवढे करा. घरातील सर्व जमिनींचे ताजे उतारे काढा, कोणत्या जमिनीची शेवटची मोजणी केव्हा झाली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि तरुण मुला-मुलींना बरोबर घेऊन एकदा चारही बांधांवरून फिरून या. ज्या जमिनीचा नकाशा घरात नाही तिची यादी वेगळी करा. मोजणीचे अर्ज त्या यादीप्रमाणे एकेक करून देता येतील.